चौदा दिवसांचा पत्ता

“लंडनला चालला आहेस तर एक काम कर. माझ्या लेकाला घर आहे की नाही, तेवढं बघून ये. फोनवर तो हसण्यावारी नेतो.”

माझ्या थोरल्या बहिणीनं, आपानं, हे सांगितलं तेव्हा मी बॅगेचं वजन करत होतो. तिचा मुलगा लंडनमध्ये एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो. पहिली तीन वर्षं तो भाड्याच्या खोलीत राहिला. निम्मा पगार भाड्यात जायचा आणि दर वर्षी घरमालक भाडं वाढवायचा. मग एक दिवस त्यानं जुनी बोट विकत घेतली आणि कालव्यावर राहायला गेला. ही बातमी जुन्या नाशकात, आमच्या कोकणीपुऱ्यात पोचली, ती अशी : आपाचा मुलगा होडीत राहतो.

आता नाशिककराला होडी कुठं भेटते? एक तर गंगापूर धरणावरच्या बोट क्लबात, नाही तर गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत चढतं तेव्हा. म्हणजे सहलीत किंवा संकटात. होडीत कायमचं राहणं कुणाच्या डोक्यात बसेना. त्यातच एक स्थळ चालून आलं. मुलीकडच्यांनी सरळ विचारलं, मुलाचा पत्ता काय? आपा गप्प बसली. ती गप्प बसते तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

तर ऑक्टोबर-नोव्हेंबरातले पाच आठवडे मी त्या बोटीवर काढले. आज जे सांगतो आहे ते बरंचसं तेव्हाचं आहे.

आधी कालव्याचा उलगडा करायला हवा, कारण आपण ज्याला पाट म्हणतो तो हा कालवा नव्हे. गंगापूर धरणाचा डावा कालवा मखमलाबादच्या बाजूनं जातो, त्याच्या काठानं मी लहानपणी सायकल चालवली आहे. तो शेतीसाठी आहे. पाणी आपोआप पुढं जावं म्हणून त्याला उतार दिलेला असतो. आवर्तन सुटलं की तो भरून धावतो, पाटकरी दारं उघडतो, द्राक्षांना आणि गव्हाला पाणी मिळतं. आवर्तन संपलं की तळाशी शेवाळ आणि चपला. यात बोट घातली तर एक तर ती वाहून जाऊन दारावर आदळेल, नाही तर चिखलात बसेल.

इंग्लंडचे कालवे मालवाहतुकीसाठी खोदले. १७६१ साली मँचेस्टरकडे कोळसा नेणारा ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत देशभर जाळं विणलं गेलं. बोटीला पाणी वाहायला नको असतं, ते उभं लागतं. म्हणून हे कालवे जवळजवळ सपाट असतात. पण देश सपाट नाही. मग टेकडी आली की पाण्याच्या पायऱ्या करायच्या. अशा प्रत्येक पायरीला लॉक म्हणतात. दोन्ही टोकांना दारं असलेली दगडी पेटी समजा. खालच्या दारानं बोट आत घ्यायची, दार लावायचं, वरच्या बाजूची झडप हातातल्या दांड्यानं फिरवून उघडायची. वरचं पाणी पेटीत येतं, बोट उचलली जाते, दोन्हीकडची पातळी सारखी झाली की वरचं दार ढकलून बाहेर. पंप नाही, वीज नाही. दारं उघडण्यासाठी एक लांब लाकडी तुळई असते, तिला पाठ लावून रेटायचं. पातळी सारखी होईपर्यंत दहा माणसं रेटोत, दार हलत नाही. झाली की एकटा माणूस ते उघडतो. हे मला फार आवडलं. पहिल्या दिवशी मात्र मी उगाचच पाच मिनिटं रेटत होतो आणि भाचा हसत होता.

आपल्याकडेही असे कालवे झाले. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते आणि १४६५ किलोमीटर जाऊन समुद्राला मिळते. तिच्या त्या दुसऱ्या टोकाला, राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरम इथं, ऑर्थर कॉटन या इंजिनिअरनं १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधला. त्यातून निघालेल्या कालव्यांवर भातशेतीही भिजली आणि लॉक असल्यामुळं बोटीही चालल्या. रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त, असं कॉटन आयुष्यभर सांगत राहिला. त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. रामकुंडावर आपण जे पाणी ओंजळीत घेतो, त्याच नदीच्या पाण्यावर खाली धान्याच्या बोटी चालत, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. ते कळायला लंडनला जावं लागलं, ही माझी शोभा.

आता बोट. इंग्लंडमधली बरीच लॉक फक्त सात फूट रुंद बांधली, कारण रुंद पेटीला पाणी आणि पैसा दोन्ही जास्त लागतात. त्यामुळं बोटही सात फुटांच्या आतच हवी. म्हणून तिचं नाव नॅरोबोट, अरुंद बोट. भाच्याची पंचेचाळीस फूट लांब आणि सहा फूट दहा इंच रुंद. म्हणजे आपल्या एसटीपेक्षा लांब, पण एसटीपेक्षा अरुंद. आता तिच्यात एका मागोमाग एक घर मांडा : पुढं शेगडी आणि बसायची जागा, मग ओटा, मग न्हाणी, मग पलंग, आणि शेवटी इंजिन. चालायला एकच वाट. मी ओट्यापाशी उभा असलो की भाच्याला न्हाणीकडं जाता येत नसे. दोघांपैकी एकानं बसायचं, तेव्हा दुसऱ्यानं चालायचं. पहिल्या आठवड्यात आम्ही दिवसातून वीस वेळा एकमेकांची माफी मागत होतो, दुसऱ्या आठवड्यात ते आपोआप जमू लागलं.

दिवस सुरू होतो राख काढण्यानं. मधोमध लोखंडी शेगडी असते, तिच्यात लाकूड किंवा बिनधुराचा कोळसा जळतो. रात्री झोपताना ती नीट दाबून ठेवली तर सकाळी निखारा मिळतो, नाही तर उठल्यावर तोंडातून वाफ निघते. बोट पोलादी, बाहेर थंडी आणि आत माणसाचा श्वास, त्यामुळं खिडक्यांवर सतत दव. पुसायचं फडकं हे तिथलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं हत्यार. एका रात्री वाऱ्याची झुळूक येत होती म्हणून मी दारातल्या झरोक्यात टॉवेल कोंबला. भाचा मध्यरात्री उठला, त्यानं टॉवेल ओढून काढला आणि पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. “मामू, हे भोक बुजवलं तर सकाळी आपण दोघंही उठणार नाही.” शेगडीतला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. बंद बोटीत त्यानं माणसं दगावली आहेत. छताला त्याची घंटा असतेच, पण झरोका उघडा ठेवायचा तो ठेवायचाच. मी नंतर बराच वेळ जागा होतो. आपाला काय काय सांगायचं याच्या मनातल्या यादीत ही गोष्ट घालायची की वगळायची, ते ठरत नव्हतं.

पाण्याची टाकी चारशे लिटरची. आपल्या गच्चीवरच्या पाचशे लिटरच्या काळ्या टाकीहून लहान. कालव्याकाठी ठरावीक ठिकाणी नळ असतात, तिथं बोट लावून पाइपनं टाकी भरायची. आम्हा दोघांना एक टाकी दहा दिवस गेली. हिशेब केला तर माणशी रोज वीस लिटर. आपल्याकडं शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी १३५ लिटर धरतात. वीस लिटरमध्ये आंघोळ, स्वयंपाक, भांडी, वजू, सगळं. वाहत्या नदीच्या काठी बसलात तरी वजूला पाणी उधळू नका, ही शिकवण मी लहानपणापासून ऐकत आलो. पाळायला मात्र तिथं शिकलो, तीन ओंजळी कमी करून.

आणि संडास. हा प्रश्न सगळे विचारतात, फक्त जरा वेळानं. आसनाखाली प्लास्टिकची पेटी असते, साधारण वीस लिटरची. ती भरली की हँडल धरून उचलायची, काठानं चालत जायचं आणि त्यासाठी केलेल्या जागी रिकामी करून धुवायची. दोन माणसांना दर तीन-चार दिवसांनी. घरात बटण दाबलं की जे नाहीसं होतं ते इथं हाताला वजन देतं. मीही दोन वेळा ती पेटी वाहिली. वाटेत धावायला निघालेली माणसं हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हणत होती. नाशिकला मुशायऱ्यात माझं स्वागत याहून थंड झालेलं आहे.

वीज छतावरच्या सौर पट्ट्यांतून बॅटरीत साठते. उन्हाळ्यात ती पुरून उरते म्हणे. नोव्हेंबरात चार वाजता अंधार, मग इंजिन चालवून बॅटरी भरायची. तेही रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात नाही, शेजाऱ्यांची झोप मोडते. कोळसा, डिझेल आणि गॅसच्या टाक्या घेऊन एक बोट अधूनमधून फिरते. तिचा भोंगा वाजला की आपल्याकडं दूधवाला आल्यावर उघडतात तशी दारं उघडतात. सगळ्या गप्पा तेव्हाच होतात.

पण या सगळ्याहून अवघड गोष्ट पत्त्याची. बोट बांधायची कायमची जागा लंडनमध्ये मिळणं कठीण आणि महाग. ती नसेल तर १९९५ च्या कायद्याप्रमाणं एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. पंधराव्या दिवसाआधी दोर सोडायचे आणि पुढं जायचं. नुसतं इकडून तिकडं सरकून चालत नाही, प्रवास खरा असावा लागतो. २०१२ पासून बहुतेक कालवे एका धर्मादाय न्यासाकडं आहेत. त्याची माणसं काठानं फिरून बोटींचे क्रमांक टिपतात. अशा कायम फिरत्या बोटींना २०२४ पासून परवान्यावर जादा आकारही लागू झाला. त्यामुळं भाच्याचं आयुष्य चौदा-चौदा दिवसांच्या तुकड्यांत आहे. या पंधरवड्यात कामावर जायला वीस मिनिटं, पुढच्या पंधरवड्यात सव्वा तास. टपाल बोटीवर येत नाही, ते एका मित्राच्या घरी जातं. एका दवाखान्यानं पत्त्याचा कागद नाही म्हणून त्याला परत पाठवलं होतं. दुसऱ्यानं घेतलं. गंमत म्हणजे मतदानाला अडचण आली नाही. ज्यांना कायमचा पत्ता नाही त्यांना स्थानिक संबंधाचं निवेदन देऊन यादीत नाव घालता येतं, आणि राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून भारतीयालाही तिथं मत आहे. म्हणजे खासदार निवडायला त्याच्याकडं पत्ता आहे, आणि लग्न ठरवायला नाही.

एका रविवारी आम्ही जागा बदलली. दोर सोडले, इंजिन सुरू केलं आणि भाच्यानं सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. दांडा डावीकडं नेला की बोट उजवीकडं वळते, तीही जरा विचार करून. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, आणि बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू. काठावरची आजी कुत्र्यासह आम्हाला मागं टाकून गेली. तिथले बोटवाले प्रवासाचा हिशेब सोपा करतात. मैल आणि लॉक यांची बेरीज करा आणि तिनानं भागा, तितके तास. लंडन ते बर्मिंगहॅम ग्रँड युनियन कालवा १३७ मैल आणि १६६ लॉक. म्हणजे शंभर तास. रोज आठ तास चाललात तर तेरावा दिवस उजाडतो. आगगाडीला दोन तास पुरतात.

हा हिशेब ऐकला आणि मला आजोबा आठवले.

आमचं मूळ गाव सावित्रीच्या खाडीकाठी, बाणकोटच्या बाजूला. अब्बा छापखान्याच्या नोकरीसाठी नाशिकला आले, पण आजोबा खलाशी होते, शिडाच्या पडावावर. नारळी पौर्णिमेनंतर पडाव पाण्यात उतरे आणि मेअखेरीला झापांखाली झाकून काठावर चढे. मधले नऊ महिने ते पडावावरच राहत. लाकूड, भात, कौलं भरून मुंबईला, परत येताना मीठ नाही तर किराणा. त्यांचाही एक हिशेब होता. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती. तांडेल हिंदू असला की तिथी धरायचा. आजोबा चंद्राची तारीख धरत, आणि तिच्यात एक मिळवत, कारण आपला महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो आणि तोवर बहुधा द्वितीया लागलेली असते. उत्तर दोघांचं एकच येई. भरती आली की खाडीत आत शिरायचं, ओहोटी लागली की बाहेर पडायचं. त्यात चूक झाली तर सहा तास चिखलात.

मी लहान असताना ते सांगत, तेव्हा ते मला साहस वाटे. आता आठवलं ते वेगळंच. पिण्याच्या पाण्याचं पिंप तांडेलाच्या ताब्यात असे आणि करवंटीनं मोजून पाणी मिळे. मातीनं लिंपलेल्या पेटीत चूल. भात आणि सुका बोंबील. झोपायला मालावरची जागा, आणि माल कौलांचा असला तर पाठीवर त्यांचे वळ. आमच्या आजीनं लग्नानंतरच्या वर्षांतली निम्म्याहून जास्त वर्षं एकटीनं घर ओढलं. पडावावर बायका नसत.

इंग्लंडच्या कालव्यांवर मात्र बायका होत्या, मुलंही होती. मी गेलो तेव्हा बोटींवर रंगवलेली गुलाबाची फुलं आणि किल्ले पाहून हरखलो; आपल्या आग्रा रोडवरचे ट्रक आठवले. ही कला बोटवाल्या कुटुंबांची. पण ती कुटुंबं बोटीवर का आली? १८४० नंतर रेल्वेनं भाडी पाडली, मजुरी घटली, आणि अनेक बोटवाल्यांना काठावरच्या घराचं भाडंही परवडेना, नोकर ठेवणंही परवडेना. मग घर सोडलं, बायको-मुलांना बोटीवर घेतलं, तीच बिनपगारी खलाशी. माल ठेवून उरलेल्या दहा फुटांच्या खोलीत सगळं कुटुंब. मुलांना शाळा नाही. जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसानं यावर आवाज उठवला, तेव्हा १८७७ आणि १८८४ साली कायदे होऊन माणसांच्या संख्येवर बंधन आलं. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि आधीच मरायला टेकलेला तो धंदा जवळजवळ संपला. पुढं त्याच बोटी हौसेच्या झाल्या. आता लंडनमध्ये त्यांत पुन्हा तीच माणसं शिरत आहेत ज्यांना काठावरचं भाडं झेपत नाही. फुलं तेवढी अजून रंगवतात.

मी भाच्याला विचारलं, तुला हे आवडतं की परवडतं? तो शेगडीत कोळसा घालत होता. म्हणाला, “आलो परवडतं म्हणून. राहिलो तो...” आणि वाक्य तसंच सोडून त्यानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. पाण्यावर एक बगळा उभा होता, आपल्या नांदूर-मधमेश्वरला दिसतो तसा राखी. हे काही उत्तर नव्हे. पण मला पुढं विचारावंसं वाटलं नाही.

तरी मी हेही नोंदवून ठेवलं होतं की २०२५ च्या कोरड्या उन्हाळ्यात तिथले कितीतरी कालवे बंद ठेवावे लागले. एक अरुंद लॉक एकदा रिकामं होतं तेव्हा सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी खाली जातं, आणि वरची तळी आटली की दारांना कुलपं. धरणातल्या साठ्याचे टक्के वाचून दिवस काढणाऱ्या नाशिककराला हे समजावून सांगायला नको. पाण्यावरच्या घरालाही पाण्याची टंचाई असते.

नमाजाची दिशा हा तिथला रोजचा छोटा उद्योग. नाशिकला आपण पश्चिमेकडं तोंड करतो, लंडनहून ते आग्नेयेला. पण बोट बांधलेली असते कालव्याच्या वळणाप्रमाणं. एका पंधरवड्यात चटई पलंगाला समांतर पडे, पुढच्या पंधरवड्यात ती तिरकी टाकावी लागे आणि पाय ओट्याखाली जात. भाच्यानं प्रत्येक जागेची दिशा भिंतीवर पेन्सिलीनं छोट्या रेघेनं नोंदवली आहे. खाली ठिकाणाचं नाव. कॅम्डेन, इस्लिंग्टन, हॅकनी, टॉटनहॅम. तेवीस रेघा मी मोजल्या.

परत आल्यावर आपानं मला समोर बसवलं. मी सगळं सांगितलं, टॉवेलसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं ते पत्त्याबद्दल नव्हतंच. “पाणी किती दिवसांनी भरतो?” दहा, मी म्हणालो. “अब्बांचे अब्बा आठवड्याला भरायचे,” ती म्हणाली, जणू लेकानं परीक्षेत आजोबांना मागं टाकलं होतं. स्थळाकडच्यांना तिनं काय कळवलं ते मला ठाऊक नाही. तेवढ्यात तिनं पलंगाची रुंदी विचारली. गोधडी शिवायची होती. मी सगळं मोजलं होतं, पाणी, कोळसा, रेघा. पलंग मोजला नव्हता. भाच्याला फोन लावला. चार फूट, म्हणाला, पण पायाकडची एक बाजू कापलेली आहे, तिथून चालायची वाट जाते. आपानं वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं आणि कोपरा तिरका दुमडून पाहिला.